पर्याय कोणाच्या हाती?

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात अर्धशतक आणि पाच बळी अशी दुहेरी कामगिरी करणारी दीप्ती शर्मा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच आठवड्यात महिला प्रीमियर लीगमधील संघांनी कायम राखलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर झाल्या. यूपी वॉरियर्सच्या यादीत एकच नाव होते, ते श्वेता सेहरावतचे. दीप्तीला संघाने मुक्त केले होते.

२७ नोव्हेंबरला नवी दिल्लीत लिलाव झाला. दीप्तीचे नाव पुकारल्यावर दिल्ली कॅपिटल्सने ५० लाख रुपयांच्या पायाभूत किमतीची बोली लावली. त्यावर अन्य कोणी बोली वाढवली नाही. यूपी वॉरियर्सने 'राइट टू मॅच' म्हणजे बरोबरीच्या बोलीचा आपला हक्क वापरण्याची तयारी दाखवली, तेव्हा नियमानुसार दिल्लीला शेवटची एक संधी मिळाली. दिल्लीने आकडा थेट ३ कोटी २० लाखांवर नेला. यूपीने तोही मान्य केला आणि दीप्ती आपल्या जुन्याच संघात परतली.

पन्नास लाख आणि तीन कोटी वीस लाख यांच्यात काही क्षणांचेच अंतर होते. तेवढ्या वेळात दीप्तीची गोलंदाजी सुधारली नव्हती की फलंदाजी बहरली नव्हती. निर्णयाचा शेवटचा हक्क कोणी, कोणत्या क्रमाने वापरायचा, एवढीच बाब मधे आली आणि किंमत सहापटीहून अधिक वाढली. व्यावसायिक खेळात खेळाडूचे मोल त्याच्या कौशल्यावर ठरते, असे आपण समजतो. ते अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे मोल करारातील 'पर्याय' ठरवतो. पुढच्या वर्षी राहायचे की जायचे, हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पर्याय. आपल्याकडील लीगमध्ये हे उत्तर बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकलेले असते.

बास्केटबॉलची परिभाषा

या विषयाचा सर्वांत सखोल विचार अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये झाला आहे. मुंबईकरांना ही लीग अगदीच परकी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय संकुलात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले होते. किंग्जच्या मालकांपैकी प्रमुख असलेले विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच.

एनबीएमधील करार प्रामुख्याने तीन प्रकारे संपतो. पहिल्या प्रकारात शेवटचे वर्ष पूर्णपणे हमीचे असते. खेळाडूने खेळायचे, संघाने पैसे द्यायचे. दुसऱ्या प्रकारात शेवटचे वर्ष 'टीम ऑप्शन'चे असते. करार पुढे चालू ठेवायचा की खेळाडूला मोकळे करायचे, हे संघ ठरवतो. नवोदितांच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूंच्या करारात पहिली दोन वर्षे हमीची असतात, तर तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या पर्यायाचे असते. तिसऱ्या प्रकारात हा हक्क खेळाडूकडे असतो. त्याला 'प्लेअर ऑप्शन' म्हणतात. ठरलेल्या तारखेपर्यंत खेळाडूने पर्याय स्वीकारला तर ठरलेल्या वेतनावर तो आणखी एक वर्ष राहतो. नाकारला तर तो मुक्त होऊन कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो.

नवी मुंबईतील वाचकाला हे समजायला घराच्या व्यवहाराइतके सोपे उदाहरण दुसरे नाही. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन सारखीच घरे विक्रीला आहेत. दोन्हींत भाडेकरू आहेत. पहिल्या घराच्या करारात मुदत वाढवायची की नाही, हे मालकाने ठरवायचे आहे, तर दुसऱ्यात ते भाडेकरूने ठरवायचे आहे. घेणारा दोन्ही घरांना सारखी किंमत देणार नाही. भिंती तशाच असल्या, तरी पहिल्या घरासोबत त्याला भविष्यावरचा ताबा मिळतो, दुसऱ्यासोबत मिळत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीतही, म्हणजे ट्रेडमध्येही, संघ खेळाडूबरोबर त्याच्या भविष्यावरचा ताबा विकत घेत असतात.

पर्यायाची किंमत

खेळाडूच्या हातातील पर्याय त्याला विकत घेणाऱ्या संघासाठी दुहेरी जोखीम असते. खेळ बहरला तर खेळाडू करार नाकारून मोठ्या रकमेसाठी बाहेर पडतो. खेळ ढासळला किंवा दुखापत झाली, तर तो पर्याय स्वीकारून जुन्या, वाढीव वेतनावर बसून राहतो. रसेल वेस्टब्रूकचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला २०२१ मध्ये घेतले. पहिला हंगाम निराशाजनक ठरल्यावर २०२२ मध्ये त्याने सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरच्या वर्षासाठीचा पर्याय स्वीकारला. त्या वेतनाला मुक्त बाजारात कोणी विचारले नसते. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला दुसरीकडे पाठवताना लेकर्सला भविष्यातील पहिल्या फेरीच्या निवडीचा हक्कही सोबत द्यावा लागला. वस्तू विकायची आणि वर दक्षिणाही द्यायची, असा हा व्यवहार होता.

मात्र हाच पर्याय योग्य वेळी वापरला तर शून्यातून मोल निर्माण करतो. २०१७ च्या उन्हाळ्यात ख्रिस पॉलला लॉस एंजेलिस क्लिपर्स सोडून ह्यूस्टनला जायचे होते. कराराचे शेवटचे वर्ष नाकारून तो गेला असता, तर क्लिपर्सच्या हाती काहीच लागले नसते. शिवाय वेतनमर्यादेत त्याच्यासाठी जागा करण्याची कसरत ह्यूस्टनला करावी लागली असती. त्याऐवजी त्याने पर्याय स्वीकारला आणि मग क्लिपर्सने त्याला ह्यूस्टनकडे ट्रेड केले. बदल्यात क्लिपर्सला सात खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या निवडीचा एक हक्क मिळाला. खेळाडू तोच, इच्छित संघ तोच, पण एका सहीने तिघांचाही लाभ झाला.

काही संघ ही जोखीम डोळे उघडे ठेवून पत्करतात. कवाय लेनर्डला टोरांटो रॅप्टर्सने २०१८ मध्ये घेतले, तेव्हा त्याच्या करारात एकच हमीचे वर्ष उरले होते. त्यापुढचे वर्ष त्याच्या मर्जीचे होते. टोरांटोने त्यासाठी डेमार डिरोझनसारखा चाहत्यांचा लाडका खेळाडू दिला. लेनर्डने २०१९ मध्ये संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले, पर्याय नाकारला आणि तो क्लिपर्सकडे गेला. टोरांटोत त्याला कोणी दगाबाज म्हटले नाही, कारण सौदा एका वर्षाचा आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. एनबीएमधील बहुतेक खेळाडूंना ट्रेड करण्यापूर्वी विचारण्याचे बंधन संघांवर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉनचिचसारख्या अव्वल खेळाडूला डॅलसने अनपेक्षितपणे लेकर्सकडे पाठवले, तेव्हा त्याची संमती लागली नाही. पण त्याच्या करारात २०२६-२७ च्या हंगामाचा पर्याय त्याच्याकडे होता. म्हणून नव्या मालकांना त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने लेकर्सशी करार वाढवला, तेव्हा २०२८-२९ च्या हंगामाचा पर्यायही पुन्हा स्वतःकडेच ठेवला.

ही ताकद खेळाडूंना कोणी सहजासहजी दिलेली नाही. एके काळी एनबीएच्या करारांतही संघाला खेळाडू बांधून ठेवता येईल असे कलम असे. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने १९७० मध्ये दावा दाखल झाला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि त्यातून मुक्त खेळाडूची संकल्पना रुजत गेली. आज संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात प्रत्येक पर्यायाची तारीख, वेतन आणि मर्यादा लिहिलेली असते.

घणसोली ते अहमदाबाद

आता आपल्याकडे वळू. घणसोलीच्या रिलायन्स संकुलातील मैदानावर मुंबई इंडियन्सची सराव शिबिरे भरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच संघाने आयपीएलच्या इतिहासातील सर्वाधिक गाजलेला ट्रेड केला. हार्दिक पंड्याला मुंबईने २०१५ मध्ये अवघ्या १० लाख रुपयांत घेतले होते. २०२२ च्या मेगा लिलावापूर्वी चारच खेळाडू कायम राखता येत असल्याने त्याला सोडावे लागले. त्याने गुजरात टायटन्सला २०२२ मध्ये विजेतेपद आणि २०२३ मध्ये उपविजेतेपद मिळवून दिले, आणि मग तो १५ कोटी रुपयांच्या वेतनासह मुंबईत परतला. त्यासाठी पर्समध्ये जागा व्हावी म्हणून मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरकडे पाठवला.

वरवर पाहता हा सौदा महागडा होता. २०२४ च्या हंगामानंतर पुन्हा मेगा लिलाव होणार हे सर्वांना माहीत होते. म्हणजे कराराचे एकच वर्ष उरले होते. पण मुंबईने त्या एका वर्षाबरोबर आणखी एक गोष्ट घेतली होती, ती म्हणजे पुढील लिलावापूर्वी हार्दिकला कायम राखण्याचा प्रथम हक्क. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला १६ कोटी ३५ लाखांना कायम राखले. ग्रीनच्या बाबतीत बंगळूरला हे साधले नाही. दुखापतीमुळे तो मेगा लिलावातच उतरला नाही आणि साडेसतरा कोटी एका हंगामावर खर्ची पडले. एकाच आठवड्यात झालेल्या दोन ट्रेडमधील हा फरक पाहिला की उरलेल्या वर्षांइतकेच त्या वर्षांच्या टोकाला असलेल्या हक्काला महत्त्व का आहे, ते लक्षात येते.

आयपीएलचे गणित थोडक्यात असे मांडता येईल. खुल्या लिलावात खेळाडूला मिळेल ती रक्कम आणि त्याचे करारातील वेतन, यांतील फरक ही संघाची वार्षिक बचत. तिला पुढील मेगा लिलावापर्यंत उरलेल्या हंगामांनी गुणावे आणि त्यात कायम राखण्याच्या हक्काची किंमत मिळवावी. येणारे उत्तर म्हणजे ट्रेडचे मोल. मेगा लिलावानंतर लगेच हे मोल सर्वाधिक असते आणि दर हंगामाला घटत जाते. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घर घेणारा ग्राहक जसा साठ वर्षांपैकी किती उरली, हे आधी विचारतो, तसाच हा हिशेब आहे.

सिडकोच्या घरांप्रमाणे इथेही हस्तांतरण शुल्क असते. एक संघ दुसऱ्याला ही रक्कम देतो. ती खेळाडूच्या वेतनाहून वेगळी असते आणि लिलावाच्या पर्समध्ये धरली जात नाही. हार्दिकसाठी मुंबईने गुजरातला किती शुल्क दिले, हे अधिकृतपणे कधीच जाहीर झाले नाही. दर्शकांना दिसतो तो १५ कोटींचा आकडा. खेळाडूवरील ताब्याची खरी किंमत मात्र बंद पाकिटात राहते.

एका जडेजाच्या दोन गोष्टी

पर्यायाचा प्रश्न समजून घ्यायला रवींद्र जडेजाच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १ जून २००८ रोजी नेरूळच्याच मैदानावर राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला हरवून पहिली आयपीएल जिंकली. एकोणीस वर्षांचा जडेजा त्या विजेत्या चमूत होता. दोन हंगामांनंतर त्याने राजस्थानशी नवा करार न करता मुंबई इंडियन्ससह अन्य संघांशी बोलणी केल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि २०१० च्या संपूर्ण हंगामासाठी त्याला निलंबित करण्यात आले. करार संपला की आपण मोकळे, असे समजणे त्याला महागात पडले. एनबीएमध्ये जो मुक्त खेळाडूचा साधा हक्क आहे, तो इथे शिस्तभंग ठरला.

पंधरा वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२५ रोजी, तोच जडेजा चेन्नईकडून पुन्हा राजस्थानकडे गेला. त्याच्यासोबत सॅम करनही गेला आणि बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला मिळाला. दोन संघांनी एकमेकांशी बोलणी केली, ती सर्वस्वी नियमांत बसणारी होती. सॅमसनचे १८ कोटींचे वेतन तसेच राहिले. जडेजाचे मात्र १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. सॅमसन एकतीस वर्षांचा, तर जडेजा सदतिसाव्या वर्षाच्या अखेरीस असल्याने यात क्रिकेटचा तर्क आहेच. पण या तर्कापलीकडेही एक मुद्दा उरतो. १८ कोटी हा जडेजाचा २०२५ ते २०२७ या चक्रासाठी ठरलेला दर होता. चक्र संपण्यापूर्वी तो खाली येऊ शकतो, तर करारातील हमी नेमकी कोणासाठी असते?

येथे एक गोष्ट आयपीएलच्या बाजूने नोंदवायला हवी. इथे ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. डॉनचिचवर आली तशी वेळ जडेजावर किंवा सॅमसनवर येऊ शकत नाही. म्हणजेच अमेरिकेतील खेळाडूकडे पर्याय आहे पण संमती नाही, आणि आपल्याकडील खेळाडूकडे संमती आहे पण पर्याय नाही. संमती ही ढाल आहे. नको त्या संघात जाणे ती टाळू शकते. हव्या त्या संघात जाण्यासाठी मात्र ती पुरत नाही. त्यासाठी लागणारा पर्याय मालकाकडेच राहतो.

दरवर्षी उघडणारे दार

हा पर्याय संघ दर वर्षी वापरतात. लिलावापूर्वी ठरलेल्या तारखेला कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे, याची यादी द्यायची असते. कोलकाता नाइट रायडर्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाखांना घेतले. एका हंगामानंतर सोडले आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात तो बंगळूरला सात कोटींना गेला. याउलट चेन्नईने सोडलेला मथीशा पथिराना १३ कोटींवरून कोलकात्याकडे १८ कोटींना गेला. दाराबाहेर कोणाला काय मिळेल हे बाजार ठरवतो, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न दाराच्या किल्लीचा आहे. पथिरानाचे मोल वाढले हे चेन्नईने सोडल्यावर कळले. सोडले नसते, तर स्वतःहून बाहेर पडून ते आजमावण्याचा मार्ग त्याला नव्हता.

पालघरच्या शार्दूल ठाकूरची वाटचाल पाहिली की ही व्यवस्था मधल्या फळीतील खेळाडूला कशी वागवते, हे ध्यानात येते. दिल्लीकडून कोलकात्याकडे ट्रेड झाला तेव्हा त्याचे वेतन १० कोटी ७५ लाख होते. २०२३ च्या अखेरीस कोलकात्याने सोडले, चेन्नईने चार कोटींना घेतले. २०२४ च्या मेगा लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. मग जखमी खेळाडूच्या जागी लखनौने दोन कोटींना घेतले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच रकमेला तो मुंबईकडे ट्रेड झाला. त्याच्या कारकिर्दीतील हा तिसरा ट्रेड. त्याच सुमारास मुंबईने अर्जुन तेंडुलकरला ३० लाखांना लखनौकडे दिले. शार्दूल अखेर आपल्या घरच्या संघात आला, ही आनंदाची बाब खरीच. पण पावणेअकरा कोटी ते दोन कोटी या उतारावर कोणत्याही टप्प्यावर त्याच्यापाशी 'आहे त्या वेतनावर आणखी एक वर्ष राहतो' असे म्हणण्याचा हक्क नव्हता. एनबीएमध्ये प्लेअर ऑप्शन नेमका अशा पडत्या काळात खेळाडूला आधार देतो.

संघाने सोडले तर दंड नाही. खेळाडूने सोडले तर आहे. दिल्ली कॅपिटल्सने सव्वासहा कोटींना घेतलेला इंग्लंडचा हॅरी ब्रूक २०२५ च्या हंगामापूर्वी माघारी फिरला आणि नव्या नियमानुसार दोन हंगामांच्या बंदीला पात्र ठरला. लिलावात बोली लागल्यावर ऐनवेळी पाठ फिरवणाऱ्यांना वचक हवा, यात शंका नाही. तथापि शिस्तीचे हे नियम एकतर्फी आहेत, हेही नाकारता येणार नाही.

खेळाडूच्या हाती एकच मोठी संधी येते, ती मेगा लिलावापूर्वी. कायम राखण्यासाठी तेव्हा त्याचीही तयारी लागते. कोलकात्याला २०२४ चे विजेतेपद मिळवून देणारा मुंबईकर कर्णधार श्रेयस अय्यर कायम राहिला नाही. लिलावात उतरून तो पंजाब किंग्जकडे २६ कोटी ७५ लाखांना गेला. कोलकात्याने त्याला २०२२ मध्ये सव्वाबारा कोटींना घेतले होते. दुपटीहून अधिक झालेली ही वाढ पर्यायाचे मोल सांगते. मात्र ही संधी तीन वर्षांतून एकदा येते आणि तीही संघ निवडण्याची नसते, स्वतःला पुकाऱ्यावर ठेवण्याची असते.

राइट टू मॅचचा धडा

बरोबरीच्या बोलीचा हक्क हा जुन्या संघाला मिळणारा आणखी एक पर्याय. पूर्वी हा हक्क सरळ होता. लिलावात जी शेवटची बोली लागेल तेवढी देऊन जुना संघ खेळाडूला परत घेऊ शकत असे. परिणामी इतर संघ हात आखडता घेत. आपण बोली वाढवायची आणि फळ दुसऱ्याने खायचे, यात कोणाला रस असणार? २०२४ च्या मेगा लिलावात नियम बदलला. जुन्या संघाने हक्क सांगितला की बोली जिंकणाऱ्याला आकडा आणखी एकदा वाढवता येतो. रिषभ पंतवर लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने हक्क सांगताच लखनौने २७ कोटी पुकारले आणि दिल्लीने माघार घेतली. जुन्या नियमाने पंत सवासहा कोटींनी स्वस्त ठरला असता. दीप्तीच्या बाबतीत तर फरक दोन कोटी ७० लाखांचा, म्हणजे तिच्या पायाभूत किमतीच्या जवळपास साडेपाच पटींचा होता.

नियमातील एका ओळीने एवढा फरक पडत असेल, तर यापूर्वी किती खेळाडूंचे मोल कमी लागले असेल, याचा विचार करायला हवा. लिलावाला आपण खुली स्पर्धा म्हणतो. परंतु ज्या स्पर्धेत एकाला शेवटचा शब्द राखून ठेवलेला असतो, ती पूर्णपणे खुली नसते.

मालकांची बाजू

संघमालकांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. दहा लाखांचा हार्दिक शोधून त्याला घडवणाऱ्या संघाला त्या परिश्रमाचे फळ मिळायला हवे. खेळाडूंना मोकळीक दिली, तर सारे तारांगण दोन-तीन महानगरांतील संघांकडे जमा होईल, ही भीतीही खोटी नाही. एनबीएमध्ये जेम्स हार्डनने २०२३ मध्ये पर्याय स्वीकारून लगेच ट्रेडची मागणी केली आणि फिलाडेल्फियाला महिनोन् महिने वेठीस धरले. खेळाडूच्या हातातील पर्याय संघाची घडी विस्कटू शकतो, हे अमेरिकेत अनेकदा दिसले आहे.

परंतु समतोलासाठी पर्सची मर्यादा आधीपासूनच आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला १२० कोटी होती. सारे तारे एका जागी गोळा करणे त्या मर्यादेतच अशक्य होते. समतोलाची खरोखर चिंता असेल, तर पर्सबाहेर राहणाऱ्या अघोषित हस्तांतरण शुल्काची चिंता आधी करायला हवी. श्रीमंत संघाचे बळ तिथे विनाअडथळा चालते. राहता राहिला घडवण्याच्या श्रमांचा मुद्दा. त्यासाठी नवोदितांवर काही वर्षांचा ताबा देणे रास्त आहे. एनबीए तेच करते. पण तिथे त्या ताब्याला मुदत असते. आपल्याकडे तिशी ओलांडलेल्या, शंभर कसोटी-एकदिवसीय सामने खेळलेल्या खेळाडूलाही तोच नियम लागू होतो.

पुढचे चक्र

या चर्चेची निकड महिला क्रिकेटमध्ये अधिक आहे. २०२६ च्या लिलावापूर्वी महिला प्रीमियर लीगमधील संघांना पाचपर्यंत खेळाडू कायम राखता आले. त्यासाठीच्या रकमा साडेतीन कोटींपासून ५० लाखांपर्यंत पायऱ्यांनी ठरलेल्या होत्या. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळूरने साडेतीन कोटींना राखले. २०२३ च्या पहिल्या लिलावात तिला ३ कोटी ४० लाख मिळाले होते. तीन वर्षांत एक विजेतेपद, एक विश्वचषक आणि वाढ दहा लाखांची. खुल्या बाजारात तिला किती मिळाले असते, हे कोणालाच कळणार नाही. नेरूळच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा करणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जला दिल्लीने २ कोटी २० लाखांना राखले. विश्वविजेतेपदानंतर महिला क्रिकेटचे बाजारमूल्य वाढले असेल, तर त्या वाढीतला खेळाडूचा वाटा करारातील पर्यायावरच अवलंबून राहील.

तारांकित खेळाडूंची चिंता फारशी करण्याचे कारण नाही. जाहिराती आणि मंडळाचे करार त्यांना सावरतात. दहा लाखांच्या पायाभूत किमतीवर घेतलेल्या, लहान गावातून आलेल्या मुलीचे काय? तिच्यासाठी दर नोव्हेंबरची यादी म्हणजे नोकरीचा प्रश्न असतो. तिला दोन वर्षांची हमी मिळाली, तर संघाच्या पर्सवर फारसा भार येणार नाही. तिच्या घरात मात्र त्याने मोठा फरक पडेल.

यावर मार्ग काढणे अवघड नाही. एका संघात सलग तीन हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला स्वतःहून लिलावात उतरण्याचा पर्याय द्यावा. सर्वांत कमी वेतनाच्या खेळाडूंना किमान दोन वर्षांची हमी द्यावी. ट्रेडमधील हस्तांतरण शुल्क जाहीर करावे आणि ते पर्समध्ये धरावे. चक्राच्या मध्ये वेतन कमी करायचे झाल्यास त्याच्या मोबदल्यात खेळाडूला पुढील वर्षाचा पर्याय मिळावा. यांपैकी कोणत्याही सूचनेने लीग कोसळणार नाही.

अडचण वेगळीच आहे. ही मागणी मांडायची कोणी? एनबीएमध्ये नियमांच्या वाटाघाटीला खेळाडूंची संघटना मालकांसमोर बसते. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंपुरती आहे. सध्या खेळणाऱ्यांचे प्रतिनिधित्व करणारी संघटना नाही. नियम मंडळ करते आणि संघमालक त्यावर आपले म्हणणे मांडतात. ज्याचा करार आहे तो खेळाडू फक्त सही करतो. २०२७ च्या हंगामानंतर आयपीएलचे सध्याचे चक्र संपेल आणि नवे नियम लिहिले जातील. त्या बैठकीत खेळाडूंसाठी एक खुर्ची ठेवली जाते की नाही, यावर पुढच्या तीन वर्षांतील प्रत्येक ट्रेडचे, प्रत्येक बोलीचे आणि प्रत्येक यादीचे गणित ठरणार आहे.